मनोरुग्णालय गावाबाहेर का नको? तुम्ही विचारलंत म्हणून

ठाण्याचं मनोरुग्णालय नव्यानं बांधणार, त्याच्या थोड्या जागेवर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवीन रेल्वे स्टेशन होणार, अशी बातमी अधूनमधून येते आणि ती आली की इथं सोलापुरात मला कुणीतरी विचारतंच, की एवढी मोक्याची जागा, चारी बाजूंनी वस्ती, मग ते हॉस्पिटल उचलून लांब माळावर का नेत नाहीत? मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढतो म्हणून विचारतात, आणि काहींना माझे काका माहितीयत म्हणून. रस्त्यात उभं राहून नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

एक तर ते हॉस्पिटल वस्तीत आलेलं नाही, वस्ती त्याच्याभोवती आलीय. ठाण्याचं १९०१ सालचं, नागपूरचं त्याच्याही आधीचं, १८६४ चं. तेव्हा ही हॉस्पिटलं वस्तीपासून लांबच बांधायचे, माणूस नजरेआड गेला की काम झालं असाच हिशोब होता. आज परत माळावर न्याल तर तीस वर्षांनी तिथंही प्लॉट पडतील, आणि तुमची मुलं हाच प्रश्न विचारतील.

आता काकांचं. काका गिरणीत होते, गिरणी बंद झाली आणि मग हळूहळू त्यांचं बिनसत गेलं, गिरणीमुळंच असं मी म्हणत नाही, पण क्रम तसा आहे. तेव्हा राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आम्हाला जवळचं येरवडा, म्हणजे अडीचशे किलोमीटर. आपल्याकडं येरवडा हा शब्द कसा वापरतात तुम्हाला माहितीय, कुणी जरा वेगळं वागलं की "याला येरवड्याला धाडा". त्याच येरवड्याच्या जेलात १२ जानेवारी १९३१ ला आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी दिली, आणि त्यांच्याच नावाच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आम्ही काकांना भेटायला जायचो. आई पहाटे उठून कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून द्यायची, चटणीची पुडी दोन कागदांत, तरी तेल पिशवीला लागायचंच. काका आधी पुडीचा वास घ्यायचे, मग माझ्याकडं बघायचे. आणि संध्याकाळची गाडी त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ, बोलता बोलता मधेच म्हणायचे, "निघ आता, गाडी चुकंल."

सुरुवातीला पंधरा दिवसाला जायचो, मग महिन्याला, मग दिवाळीला. कुणाचं मन मेलं नव्हतं, पण दिवसाचा पगार बुडायचा, तिकीट होतं, पोरांच्या परीक्षा होत्या, अंतर असं गुपचूप खात जातं. पुढं डॉक्टर म्हणाले घरी न्या, बरे आहेत, आणि आम्ही नेलं नाही. दोन खोल्यांचं घर, चुलत बहिणीचं लग्न ठरायचं होतं, "पाव्हणे काय म्हणतील" एवढ्यावर आम्ही त्यांना आणखी दोन वर्षं तिथं ठेवलं. हे मला अजून सलतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम १९, स्पष्ट लिहिलंय की घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही एवढ्या कारणानं कुणाला हॉस्पिटलात ठेवता येणार नाही, माणसाला समाजात राहायचा हक्क आहे. मग अशा जागेवर नवीन बांधताना नुसत्या खाटा वाढवून काय करायचं? ओपीडी पाहिजे, दिवसभर येऊन संध्याकाळी घरी जाता येईल असं डे-केअर पाहिजे, बरं झालेल्यांना राहायला हाफवे होम पाहिजे, आणि हे सगळं माळावर चालतच नाही, त्याला शेजारी दुकान लागतं, बस लागते, काम देणारा कुणीतरी लागतो. ठाण्याच्या स्टेशनबद्दल म्हणाल तर मला ते चांगलंच वाटतं, फक्त हॉस्पिटलचं एक गेट स्टेशनकडं उघडलं पाहिजे. मला भीती वेगळीच आहे, रस्त्याकडची जागा बिल्डरला आणि पेशंट मागच्या कोपऱ्यात. सोलापुरात गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं आपण बघितलंय, कुठं किती मजले चढले ते सगळ्यांना पाठ आहे, कामगार कुठं गेला ते कुणी विचारलं नाही.

कॅनडातल्या टोरांटोमध्ये हे वेगळं करून दाखवलंय. क्वीन स्ट्रीटवर १८५० पासूनचं मनोरुग्णालय, पत्त्यातला नंबर ९९९, आणि आपल्याकडं येरवडा तसा तिकडं ९९९ हा आकडाच शिवी झालेला. १९७९ मध्ये नंबर बदलून १००१ केला, पण पाटी बदलून काय होणार, आवार आजूबाजूच्या वस्तीपासून तसंच तुटलेलं. मग या शतकात त्यांनी सगळ्या आवाराचाच प्लॅन नव्यानं केला. मी तो नेटवर बघितला आणि कितीतरी वेळ बघत बसलो, कारण आजूबाजूच्या गल्ल्या त्यांनी सरळ हॉस्पिटलच्या जागेतून पुढं नेल्यात, म्हणजे भाजी आणायला निघालेली बाई आणि ओपीडीला निघालेला पेशंट एकाच फुटपाथवर. काही जागा दुसऱ्या वापराला दिली पण हॉस्पिटल तिथंच, पुढच्या बाजूला. आणि रुग्णांकडूनच बांधून घेतलेली विटांची जुनी भिंत आहे, ती पाडली नाही, जपून ठेवलीय, ज्यांनी ती बांधली त्यांची आठवण म्हणून. मी रोज कंपाउंड वॉलच्या रेघा मारतो, त्यामुळं ते मला जास्त लागलं असेल.

काका आता आमच्याकडं असतात. बहिणीचं लग्न झालं, पाव्हणे काही बोलले नाहीत. महिन्यातून एकदा सिव्हिलच्या ओपीडीला एकटे जातात, शेअर रिक्षानं, सोबत येऊ का विचारलं तर चिडतात. परवा यायला उशीर झाला म्हणून आई दारात उभी, तर आले, हातात गोळ्यांची पिशवी आणि तिच्यात अर्धा किलो गवार. लक्ष्मी मंडईत उतरलो होतो म्हणाले, कवळी दिसली.