तीन दिवंगत विश्वस्त आणि एक क्यूआर कोड : दिवाळीतल्या निधीचा माझा अनुभव

कौलं गळत होती, म्हणून हे सगळं झालं. आमचं संग्रहालय म्हणजे तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाड्याच्या चार खोल्या आणि पुढचा सोपा. वर मंगलोरी कौलं. खाली मोडी दप्तरं, अडकित्ते, लामणदिवे, थोड्या शिवराया आणि लोकांनी माळ्यावरून काढून आणून दिलेली धान्याची मापं. 2025 च्या पावसाळ्यात दप्तरांच्या खोलीत परात ठेवायची वेळ आली, तेव्हा मंडळाच्या बैठकीत ठरलं की दिवाळीत गावची माणसं पुण्या-मुंबईहून घरी येतात, हातात बोनसही असतो, तेव्हा काहीतरी कार्यक्रम करू आणि छपरासाठी पैसे उभे करू. खजिनदार मी. दोन वर्षांपूर्वी ‘तुमचं अक्षर चांगलं आहे’ एवढ्या पात्रतेवर झालेली.

कार्यक्रम चांगले झाले. जुने दिवे मांडले, नरक चतुर्दशीला सोप्यात दिवाळी पहाट केली, आणि मुलांची किल्ल्यांची स्पर्धा घेतली. जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले होते, म्हणून स्पर्धेत तेवढेच 12 ठेवले. रायगडासाठी भांडणं झाली. खांदेरीवाल्यांनी आमची ती गळतीची परात मागून नेली आणि तिच्यात समुद्र केला. तमिळनाडूतली जिंजी कुणालाच नको होती. शेवटी सातवीच्या मुलींनी घेतली आणि राजाराम महाराज 1689 मध्ये तिथं कसे पोचले, मग मोगलांचा वेढा किती वर्षं चालला, हे येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. बक्षीस त्यांनाच मिळालं.

निधीची कल्पना माझी, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. आमच्याकडे मापांचा पूर्ण संच आहे. 2 चिपटी म्हणजे 1 मापटं, 2 मापटी म्हणजे 1 शेर, 2 शेर म्हणजे 1 अधोली, 2 अधोल्या म्हणजे 1 पायली. मग देणगीही तशीच लावली: चिपटं 250 रुपये, मापटं 500, शेर 1000, अधोली 2000, पायली 4000. माणूस पैसे देतो, त्या मापानं तांदूळ मोजून मोठ्या पातेल्यात ओततो, लहान पोरं मोजतात, आजी ‘शीग लावून भर रे’ म्हणून ओरडते. तांदूळ आमचाच, रात्री परत पोत्यात.

गंमत म्हणजे ही मापं कायद्यालाही जुळली. आयकराच्या तेव्हाच्या 80 जी कलमात देणगीदाराला करसवलत मिळायची, पण रोख देणगी 2000 रुपयांपर्यंतच चालायची. म्हणजे अधोलीपर्यंत रोखीनं, पायली मात्र चेकनं किंवा खात्यातून. हल्ली कुणाच्या खिशात चेकबुक नसतं. म्हणून क्यूआर कोड हवा. पाणीपुरीवाल्याकडे आहे, देवळाच्या पेटीवर आहे, आपल्याला मिळायला काय लागतं, असं मला वाटलं.

गणपती 6 सप्टेंबरला गेले, 8 ला सोमवारी मी बँकेत गेले. बँकेचं नाव लिहीत नाही, खातं अजून तिथंच आहे. अधिकारी तरुण, बोलायला अगदी गोड. संग्रहालयाच्या ट्रस्टचं पॅन, नोंदणीचा दाखला, संस्थेची घटना, ठराव आणि शेड्युल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, ताजा उतारा, एवढं त्यांनी कागदावर लिहून दिलं. पहिली चार मी दुसऱ्या दिवशी दिली. उताऱ्यासाठी जिल्ह्याला धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज केला. दहा-बारा दिवसांनी नक्कल हातात आली, आणि एसटीत बसून मी ती पहिल्यांदा नीट वाचली.

सात विश्वस्त. त्यातले तीन वारलेले. एकांना जाऊन नऊ वर्षं झालेली. आणि माझं नावच नाही!

अध्यक्ष आणि सचिव हयात, चेकवर सह्या त्यांच्याच, त्यामुळे इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. कुणी गेलं की आम्ही शोकसभा घ्यायचो, ठराव करून त्यांच्या जागी नवा माणूस घ्यायचो, आणि इतिवृत्ताची वही कपाटात ठेवून चहा प्यायचो. बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हे आमचे अध्यक्ष नाना यांना माहीत होतं. ते म्हणाले, “मला वाटलं सचिवांनी दिला असेल.” सचिव म्हणाले, “मला वाटलं नानांनी दिला.” दोघंही निवृत्त शिक्षक. दोघांनी मिळून मुलांना किती वेळा उभं केलं असेल, देव जाणे.

तरी मी उतारा घेऊन बँकेत गेलेच. अधिकाऱ्यांनी नावांवरून पेन फिरवलं आणि म्हणाले, “मॅडम, या सातही जणांचं पॅन आणि आधार लागेल.”

“यातले तिघं वारलेत.”

“हो, पण उताऱ्यावर नावं आहेत ना.”

“अहो, या पहिल्या नावाच्या फोटोला आम्ही दर वर्षी हार घालतो. ही मापं त्यांनीच जमवलेली.”

“ते बरोबर आहे. पण सिस्टीम पुढे जात नाही.”

माझं नाव उताऱ्यावर नाही म्हटल्यावर मी कोण, हाही प्रश्न निघाला. खजिनदार म्हणून दोन वर्षं मी त्याच काउंटरवर पैसे भरत होते. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. मृत्यूचे दाखले जोडले तर चालेल का? नाही. नवे ठराव दाखवले तर? नाही. चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच आणली तर? विचारून सांगतो. त्या ‘विचारून सांगतो’वर मी पुढचे आठ-दहा दिवस काढले. कधी टोकन घेऊन तासभर बसायचं आणि नंबर आला की सर्व्हर डाऊन, कधी साहेब ट्रेनिंगला. एकदा सगळं जमलं, तेव्हा त्यांनी फाईल उघडली आणि मी दिलेला ठरावच त्यात नव्हता. माझ्याकडे झेरॉक्सवर शिक्का मारून घेतलेली पोच होती म्हणून वाचले. हे आत्ताच सांगून ठेवते: बँकेत दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, समोरचा कितीही गोड बोलो.

शेवटी उत्तर आलं: पोच नाही, आदेश लागेल. म्हणजे चेंज रिपोर्ट मंजूर झाल्याचा. तोवर घट बसले होते.

आणि विकतचं दुखणं पुढेच होतं. मी जाऊन त्यांना जागं केलं, त्यामुळे खात्याला ‘केवायसी अपूर्ण’ असा शेरा लागला. दसऱ्यानंतर वीजबिलाचा चेक परत आला तेव्हा आम्हाला कळलं. पैसे भरता येत होते, काढता येत नव्हते. मी क्यूआर मागायला गेले नसते तर खातं आणखी दहा वर्षं सुखानं चाललं असतं, असं नाना दोनदा बोलले. तिसऱ्यांदा मी बोलू दिलं नाही.

तेव्हा ज्यांच्या संस्थेत असं काही आहे त्यांनी दिवाळीच्या नव्हे, होळीच्या आधी शेड्युल वनचा उतारा काढून बघावा. आमच्या वकिलांनी तीन बदलांचे तीन वेगळे अर्ज करायला लावले, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज. प्रत्येकाला सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र आणि मृत्यूचा दाखला. एक विश्वस्त मुलाकडे इंदूरला वारलेले, तो दाखला तिथल्या महापालिकेतून आणवला. एका सभेची नोटीस सापडेना. ती मापांच्या पोत्याखाली निघाली, कडा उंदरांनी खाल्लेल्या, तारीख शाबूत. दिवाळीच्या आत अर्ज दाखल झाले. त्याहून जास्त काही होणार नव्हतं.

क्यूआरविना पायलीचं काय करायचं? ‘तुमच्या स्वतःच्या फोनचा कोड लावा, नंतर ट्रस्टला भरा’ असं मला चौघांनी सुचवलं, त्यात एक जण चांगला शिकलेला. हे मी मेले तरी करणार नव्हते. सार्वजनिक पैसा खजिनदाराच्या घरच्या खात्यात एक दिवसही जाऊ नये. पुढं हिशेब कितीही चोख दाखवला तरी तोंडं बंद होत नाहीत. वाट काढली ती स्वयंसेवक म्हणून आलेल्या नववीतल्या एका मुलीनं. ती म्हणाली, “काकू, कोड कशाला? फोनमध्ये खाता क्रमांक आणि आयएफएससी टाकूनही पैसे जातात की.” जातात! खात्यात यायला बंदी नव्हतीच. आम्ही फळ्यावर दोन्ही ठळक लिहिलं आणि तिला शेजारी खुर्ची दिली. आयएफएससीमधलं पाचवं चिन्ह शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. पहिल्या दिवशी दोन काकांनी ओ टाकून बँकेला शिव्या घातल्या, आणि मला मनातून बरं वाटलं.

आणखी आठवेल तसं सांगते. पावती करतानाच देणगीदाराचं पॅन आणि पत्ता लिहून घ्या, कारण वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत आयकर खात्याला देणग्यांचं विवरण (आमच्या वेळी फॉर्म 10 बीडी) भरावं लागतं आणि त्यातूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. मी पहिल्या दिवशी संकोचानं पॅन विचारलं नाही, नंतर सहा जणांना फोन करत बसले. नव्या करप्रणालीत असलेल्याला देणगीवरच्या या सवलतीचा फायदा नाही, हेही आधीच सांगा; एकानं ते ऐकून पायलीची अधोली केली, पण खोटं सांगून घेण्यापेक्षा बरं. सोडतीची तिकिटं काढायचा सचिवांचा फार आग्रह होता. परवानगीवाचून तिकीट विकून सोडत काढणं लॉटरीच्या कायद्यात अडकतं, असं वकिलांनी सांगितल्यावर तो थंडावला. आणि दिवाळी पहाट नावाप्रमाणे पहाटे ठेवू नका: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असते. आम्ही सहाला सुरू केलं. अभ्यंगस्नान, फराळ आटपून लोक निवांत आले, गर्दी उलट वाढली.

खर्चाचं काय, तर खात्यातून काढता येत नव्हतं म्हणून मांडववाला, फराळ, बक्षिसं, सगळं आम्ही चौघांनी खिशातून केलं आणि प्रत्येक व्हाउचर वहीत चिकटवलं. ते पैसे फेब्रुवारीत परत मिळाले. घरी काय ऐकलं ते लिहीत नाही.

भाऊबीजेला रात्री हिशेब केला: 11 पायल्या, 17 अधोल्या, 38 शेर, 61 मापटी, 93 चिपटी. एकूण 1,69,750 रुपये. नानांनी कागद ओढून घेतला, पेन्सिलीनं मांडलं आणि जाहीर केलं, “42 पायल्या, 1 शेर, 1 मापटं, 1 चिपटं.” मी फोनवर ताळा केला. चुकले नव्हते. खंडीला 320 पायल्या लागतात, हेही त्यांनी ऐकवलं.

चेंज रिपोर्टवर दोन तारखा पडल्या, आदेश फेब्रुवारीत आला. तो घेऊन गेले तेव्हा बँकेत ते गोड अधिकारी नव्हते, बदली झालेली. नव्या बाईंनी अर्ध्या तासात कागद बघितले, चार दिवसांत खातं मोकळं झालं. कौलांचं काम लगेच धरलं. धुळवडीनंतर बँकेचा माणूस प्लॅस्टिकच्या स्टँडमधला क्यूआर कोड घेऊन आला. सोबत पैसे आले की बोलून सांगणारा खोकाही होता; त्याला दर महिना भाडं आहे म्हटल्यावर तो मी परत पाठवला. कोड चालतो का बघायला त्यानं स्वतःच्या फोनवरून 1 रुपया पाठवला. मी त्याची रीतसर पावती फाडली. तो नको म्हणत होता.