पाण्यातून गाडी काढलीत ना? मग बेरिंग वाजायची वाट बघू नका

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी, माळशेज सगळीकडे बाईकवाल्यांची जत्रा भरते, आणि घरी आल्यावर लोक काय करतात तर चेन धुतात, ल्युब मारतात, फार तर एअर फिल्टर बघतात. चाकाच्या बेरिंगकडे (चाक ज्याच्यावर फिरतं त्या गोळ्यांच्या कड्याकडे) कोणी ढुंकूनही बघत नाही. मला हे खरंच टोचतं, कारण बेरिंग लगेच ओरडत नाही, महिना-दीड महिन्याने ओरडतं, आणि तोपर्यंत आपण कुठल्या फरशी पुलावरून गुडघाभर पाण्यातून गाडी काढली होती ते आपल्या डोक्यातूनही गेलेलं असतं. (फरशीवरून पाणी जोरात वाहत असेल तर गाडी घालूच नका, बेरिंग बदलता येतं, माणूस नाही.)

पाणी आत जातं कसं ते आधी बघा. घाट उतरताना ब्रेक मारून मारून हब (चाकाचा मधला पोकळ भाग, बेरिंग यातच बसतात) चांगला तापलेला असतो, आतली हवाही तापून फुगलेली असते. तसाच हब थंडगार पाण्यात बुडाला की ती हवा झटक्यात आकसते आणि ऑइल सीलच्या, म्हणजे बेरिंगबाहेरच्या रबरी कड्याच्या, कडेने बाहेरचं पाणी आत ओढून घेते. सील असतं धूळ आणि शिंतोडे अडवायला, पाण्यात बुडवून ठेवायला नाही. आता हे पाणी दोन बेरिंगच्या मधल्या पोकळीत, स्पेसरच्या (बेरिंगमध्ये अंतर ठेवणाऱ्या नळीच्या) भोवती साठून बसतं आणि तिथून बाहेर यायला त्याला वाटच नसते. गाडी चालू असते तोवर एक वेळ ठीक, खरा घात होतो तो गाडी उभी असताना, कारण गोळी जिथे थांबलीय तिथेच रेसवर, म्हणजे गोळ्या पळतात त्या खाचेवर, गंजाचा ठिपका पडतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला गोळी त्या खड्ड्यावरून उडत जाते, तोच तो घुर्रर्र आवाज.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, हब बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात एक्सल (चाकाच्या मधून जाणारा दांडा) काढा. आधी मेन स्टँडवर लावून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवून बघा, प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बेरिंग गेलंच समजा, फक्त पुढे कोन सेट (हँडल ज्यावर वळतं ती बेरिंग) ढिला असेल किंवा मागे स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश गेले असतील तरी चाक असंच हलतं, तेव्हा एका हाताने फोर्क किंवा स्विंगआर्म धरून बघा की हलतंय नेमकं काय. पण प्ले नाही म्हणजे सगळं ठीक असं अजिबात नाही! चाक काढा, बेरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बोट घाला आणि हळू फिरवा. चांगलं बेरिंग लोण्यासारखं फिरतं. वाळू असल्यासारखी करकर लागली किंवा मध्येच अडकलं तर बदला, त्यात दुसरा विचार नको. ग्रीस दुधाळ चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी आत गेलंय हे नक्की.

मागच्या चाकाला तर आणखी एक बेरिंग असतं, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ज्याच्यावर बसतं त्या कॅरियरमध्ये. बऱ्याच गाड्यांना ते असतं आणि चेनचा सगळा ताण त्याच्यावर, तरी मेकॅनिकला सांगितल्याशिवाय कोणी ते बघत नाही. सांगाच.

समुद्राच्या पाण्याचं तर विचारूच नका. माझ्या मावसभावाची गाडी दापोलीला असते, मुलं संध्याकाळी लाडघरच्या वाळूवर फिरवतात. एकदा पंक्चर काढायला मागचं चाक खोलायला घेतलं तर एक्सल जागचा हलेना, खारं पाणी आत जाऊन एक्सल आणि मधला स्पेसर गंजून एकजीव झाले होते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी नट टोकापर्यंत परत चढवला (म्हणजे आटे चेपत नाहीत) आणि लाकडी ठोकळा लावून ठोकला तेव्हा कुठे सुटला, आणि सुटला तसं हबमधून तांबडं पाणी टपटप खाली पडलं. बीचवर गाडी नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरचा फवारा हबच्या मध्यावर मारू नका, त्याने सील उलटं होऊन पाणी आणखी आत जातं.

एक्सल बाहेर आला की डिझेल किंवा रॉकेलने पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने काढा आणि काचेवर किंवा सपाट फरशीवर गडगडवून बघा, वाकलेला असेल तर लगेच कळतं. मग त्याच्यावर ग्रीसचा पातळ थर, सीलच्या ओठांनाही ग्रीस. साधं एपी थ्री ग्रीस चालतं, सारखं पाण्यात जाणं असेल तर कॅल्शियम सल्फोनेटवालं घ्या, ते पाण्याने सहज धुऊन जात नाही. केबलवाला मीटर असेल तर पुढच्या हबमधला मीटर गिअरही (मीटरची केबल फिरवणारा) पुसून ग्रीस करा.

नवं बेरिंग घेताना नंबर बघून घ्या. ६२०२, ६३०१ असे आकडे असतात, शेवटचे दोन म्हणजे आतल्या भोकाचं माप, ०१ म्हणजे १२ मिमी, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. त्यामागे टू आरएस लिहिलेलं म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील, आपल्या पावसाला तेच हवं, झेडझेडवर नुसती पत्र्याची झाकणी असते. ओळखीच्या दुकानातूनच घ्या, डुप्लिकेट माल फार आहे.

बसवताना ठोका फक्त बाहेरच्या रिंगवर, त्या मापाचा सॉकेट लावून. आतल्या रिंगवर ठोकलं की दाब गोळ्यांवर येतो आणि नवं बेरिंग तिथेच खराब. एक बेरिंग पूर्ण बसवा, मग मधला स्पेसर घाला (हा राहून गेला तर एक्सल आवळताच बेरिंग जाम होतात), मग दुसरं स्पेसरला टेकेपर्यंतच. चेनची अलाइनमेंट दोन्ही बाजूंना एकाच खुणेवर, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या मापाने), नट सुटू नये म्हणून लावलेली कॉटर पिन असेल तर नवी.

मग वीसेक किलोमीटर चालवून या आणि शक्यतो ब्रेक न दाबता गाडी थांबवून हबच्या मध्याला हात लावा, डिस्कला नको. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर चाक परत काढा, बहुतेक स्पेसर नाहीतर बेरिंग नीट बसलेलं नाही.