तिसऱ्या वर्गाचा डबा, एकास पन्नास

भारतीय रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. त्याच्या अखेरच्या काळातला, म्हणजे साधारण १९७२-७३ मधला, मध्य रेल्वेच्या मुंबई-वाराणसी गाडीचा एक डबा, त्याला लागून फलाटाचा तुकडा आणि त्यावरची माणसे, एवढे सगळे १:५० या प्रमाणात बांधायचे मी ठरवले, तेव्हा मापांची मला फारशी चिंता नव्हती. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बांधल्या गेलेल्या डब्यांची मुख्य मापे छापील स्वरूपात मिळतात: लांबी २१,३३७ मिलीमीटर, रुंदी ३,२४५, दोन बोगींच्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा) मध्यांतले अंतर १४,७८३, एका बोगीच्या दोन आसांतले अंतर २,८९६ आणि नव्या चाकाचा व्यास ९१५. पन्नासने भागले की सुमारे ४२७ मिलीमीटर लांब आणि ६५ मिलीमीटर रुंद असा, पुस्तकांच्या फळीवर मावणारा डबा तयार होतो. अडचण होती ती या आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींची. दाराजवळचा रंग कुठवर झिजत असे, खिडकीखाली कशाचे ओघळ असत, बाकावर माणसे पाय सोडून बसत की वर घेऊन, आणि गाडी सुटायच्या आधी फलाटावरचा माणूस खिडकीपासून किती अंतरावर उभा राही, हे कोणत्याही आराखड्यात नसते. छायाचित्रांतही ते क्वचित सापडते. रेल्वेच्या हद्दीत छायाचित्रे काढायला परवानगी लागत असे, फिल्म महाग होती, आणि ज्याच्या हाती कॅमेरा असे तो इंजिनाचे किंवा पुलाचे छायाचित्र घेई. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर तो आपली फिल्म कशाला खर्च करील? राहता राहिले चित्रपट.

अवतार कृष्ण कौल यांचा ‘२७ डाउन’ (१९७४) हा माझा मुख्य आधार ठरला. त्याचा नायक तिकीट तपासनीस आहे, चित्रण अपूर्व किशोर बीर यांनी केले आहे, आणि त्यातला मोठा भाग खऱ्या गाड्यांत व खऱ्या स्थानकांवर, कॅमेरा हातात धरून टिपलेला आहे. काळही मला हवा होता तोच. त्याच्या जोडीला आणखी काही चित्रपट पाहिले, पण चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक स्थिर चित्रे, गोळा करण्यापूर्वी प्रत्येक दृश्याबद्दल एक प्रश्न विचारायचा मी नियम केला: हे जागेवर टिपलेले आहे की स्टुडिओत? सत्यजित राय यांच्या ‘नायक’मधला (१९६६) कलकत्ता-दिल्ली गाडीचा आतला भाग बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेला सेट आहे आणि खिडक्यांबाहेर पळणारा मुलूख मागून पडद्यावर टाकलेला आहे. तो सेट इतका काटेकोर आहे की खिडकीची चौकट, दिव्यांची ठेवण आणि लाकडाचे पॉलिश यांसाठी मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवीन; मात्र माप त्यावरून घेणार नाही, कारण सेटची भिंत काढता येते. ही गोष्ट ओळखायला एक साधी कसोटी आहे. डब्याची बाहेरची रुंदीच सव्वातीन मीटरच्या आत असते, तेव्हा आडव्या दिशेने पाहताना समोरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत ऐसपैस दिसत असेल, तर कॅमेरा बहुधा भिंतीच्या पलीकडे उभा आहे, आणि खऱ्या डब्यात भिंतीच्या पलीकडे रूळ असतात.

जागेवरच्या चित्रणातही जागा कोणती, हे पाहावे लागते. ‘भोवानी जंक्शन’ (१९५६) हा हिंदुस्थानातल्या रेल्वेवरचा हॉलिवूडचा चित्रपट, पण त्यातले स्थानक लाहोरचे आहे. रुळांची रुंदी तीच, १,६७६ मिलीमीटर, आणि वसाहतकाळातला पुष्कळ सरंजामही तोच. तरी फाळणीनंतर आठ वर्षांनी पाकिस्तानात टिपलेली गाडी मी मध्य रेल्वेच्या डब्यासाठी कशी वापरणार? उलट बाजूने, फाळणीवरच्या अलीकडच्या चित्रपटांत रेवाडीच्या लोको शेडमधले ‘अकबर’ हे इंजिन अनेकदा दिसते. ते साठच्या दशकात चित्तरंजनला बांधलेले आहे. प्रेक्षकाला त्याने काही फरक पडत नाही आणि पडूही नये. मॉडेल बांधणाऱ्याने मात्र चित्रपटाची कथा ज्या सालातली आहे ते साल बाजूला ठेवून चित्रीकरणाचे साल वहीत लिहावे.

चौकट निवडल्यावर पहिले काम म्हणजे चाक तपासणे. डीव्हीडीवरच्या चित्रातला पिक्सेल चौरस नसतो. पाल या टीव्ही-पद्धतीत चित्र ७२० गुणिले ५७६ असे साठवलेले असते आणि जुन्या ४:३ पडद्यासाठी ते दाखवताना साधारण ७६८ गुणिले ५७६ असे ताणले जाते. संगणकावर चौकट पकडणारी आज्ञावली हे ताणणे विसरली, तर डबा सहा टक्क्यांहून अधिक आखूड होतो, आणि डोळ्याला ते चटकन जाणवत नाही. त्यावर कोणी सिनेमास्कोपची भिंगे वापरली असतील, तर कडेची आणि मधली रुंदी पुन्हा वेगळी. म्हणून ज्या चौकटीत चाक समोरून दिसते तिथे त्याचा आडवा आणि उभा व्यास मोजायचा. दोन्ही सारखे असतील तर चौकट वापरायची, नसतील तर चाक गोल होईपर्यंत चित्राची रुंदी बदलायची. चाक दिसत नसेल, तर स्थानकावरचे घड्याळही चालते.

मापांचे खरे काम यार्डात उभ्या असलेल्या गाडीच्या चौकटींवर होते, कारण फलाटाला लागलेल्या गाडीची चाके दिसत नाहीत. डबा कॅमेऱ्याला समांतर हवा, आणि ज्याचे माप हवे आहे ती वस्तू व ज्याचे माप ठाऊक आहे ती वस्तू शक्य तितक्या एकाच प्रतलात हव्यात. बोगीच्या दोन आसांमध्ये १८१ पिक्सेल भरले, तर २,८९६ भागिले १८१, म्हणजे एक पिक्सेल १६ मिलीमीटरचा. माझ्या मॉडेलवर तो ०.३२ मिलीमीटर होतो. कटरने स्टायरीन या प्लास्टिकची शीट कापताना माझा हात तितका हलतोच, तेव्हा अशी चौकट मिळाली की पायरीची उंची, दाराची रुंदी, खिडक्यांमधला पत्रा ही मापे समाधानकारक निघतात. खिडकीच्या आडव्या गजांची फक्त संख्या मोजता येते. त्यांची जाडी पिक्सेलमध्ये सापडत नाही, ती पाव मिलीमीटरच्या पितळी तारेने भागवली.

धावत्या गाडीच्या चौकटी मी सुरुवातीला बाजूला ठेवल्या होत्या. मग हिशेब केला. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४ चौकटी टिपल्या जातात आणि शटर साधारणपणे निम्मा वेळ उघडे असते, म्हणजे प्रत्येक चौकट १/४८ सेकंदाची. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात जवळजवळ २१ सेंटिमीटर पुढे सरकते. माझ्या प्रमाणात हे चार मिलीमीटर झाले, तेव्हा लांबीच्या दिशेचे कोणतेही माप त्या चौकटीतून घेण्यात अर्थ नाही. पण गाडी वर-खाली फारशी हलत नाही. खिडकीची खालची कड, पन्हाळीची रेघ, बफरची उंची या उभ्या मापांसाठी धावत्या गाडीची चौकट उभ्या गाडीच्या चौकटीइतकीच कामाची असते, आणि चित्रपटांत अशा चौकटी भरपूर असतात.

आतल्या भागाला ही पद्धत लागू पडत नाही. डब्यात जागा अपुरी म्हणून भिंग रुंद कोनाचे लावलेले असते, त्यामुळे जवळचे बाक अवाढव्य आणि पलीकडचे खेळण्यातले दिसते. तिथे मी केवळ शेजारशेजारच्या वस्तूंची तुलना केली: लाकडी बाकाची एक फळी आणि तिच्या बाजूची फट, यांचे एकमेकींशी प्रमाण काय. एक मिलीमीटर रुंदीची स्टायरीनची पट्टी म्हणजे पाच सेंटिमीटरची फळी, हे त्या प्रमाणात बरोबर बसले आणि अख्खे बाक तिच्या भरवशावर बांधता आले.

रंगाच्या बाबतीत चित्रपटांचा उपयोग मर्यादित आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ‘२७ डाउन’ कृष्णधवल आहे, त्यामुळे प्रश्नच मिटतो. पण रंगीत चित्रपटही त्या काळचे असतील तर बेभरवशाचे. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रतींतला निळसर हिरवा रंगद्रव्याचा थर आधी विटतो आणि सगळे चित्र गुलाबी-जांभळट होते. नव्याने दुरुस्त केलेल्या आवृत्तीत कोणीतरी आपल्या नजरेने रंग पुन्हा बसवलेले असतात. डब्याचा विटकरी तांबडा मी शेवटी जुन्या रंगवलेल्या पत्र्याशी आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणीशी ताडून ठरवला, आणि तो मुद्दाम किंचित फिका ठेवला, कारण इतक्या लहान वस्तूवर मूळचाच रंग दिला तर तो काळपट दिसतो.

कृष्णधवल चित्राने दिलेली गोष्ट निराळीच आहे. रंग काढून घेतला की उजळ आणि काळे यांतले अंतर उरते, आणि मळ म्हणजे हे अंतरच. फलाट रुळांपासून जास्तीत जास्त ८४० मिलीमीटर उंच असतो. त्यावर उभ्या माणसाची नजर सुमारे दीड मीटरवर धरली, तर माझ्या मॉडेलच्या रुळांपासून ती ४७ मिलीमीटरवर येते. त्या उंचीवर मोबाइलचे भिंग येईल असा ठोकळा केला, चित्रपटातल्या चौकटीच्या कोनातून डब्याचे छायाचित्र घेतले, ते कृष्णधवल केले आणि दोन्ही चित्रे संगणकावर शेजारी लावली. मळ दाखवायला ब्रशने दिलेले वॉश, म्हणजे पातळ रंगाचे हात, डोळ्यांना पुरेसे वाटत होते, पण या तुलनेत डबा कारखान्यातून नुकता बाहेर पडल्यासारखा दिसला. दाराच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्यांभोवती हातांनी घासून पत्रा उजळ झालेला असतो आणि पायरीच्या वर धुळीचा पट्टा असतो. डब्याच्या टोकाकडच्या भिंती बाजूंपेक्षा कितीतरी काळ्या असतात, कारण तिथे कोणी फडके मारीत नाही. हे सगळे ड्राय ब्रशने, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेल्या कोरड्या ब्रशने, पुन्हा केले. काजळीबद्दल मला शंका होती, कारण मुंबईहून कसारा घाटातून जाणारी गाडी विजेच्या इंजिनाने ओढली जाई. परंतु वाराणसीला जाणारा डबा भुसावळच्या पलीकडे त्या काळी वाफेच्या किंवा डिझेलच्या इंजिनामागेच धावे, आणि तिकडची काजळी अंगावर घेऊन बोरीबंदरला परत येई. तेव्हा विजेच्या तारांखाली उभा असलेला काजळलेला डबा दाखवायला हरकत नव्हती.

सर्वांत जास्त वेळ माणसांनी खाल्ला, आणि तिथेच चित्रपटांनी सर्वांत जास्त दिले. १:५० मध्ये साडेपाच फुटी माणूस ३३-३४ मिलीमीटरचा होतो. या प्रमाणातली तयार माणसे मिळतात ती इमारतींच्या मॉडेलसाठी केलेली, कोट-पँटमधली आणि कुठे जायचे ते पक्के ठाऊक असल्यासारखी चालणारी. त्यांचे हातपाय कापून, वाकवून, वर एम-सीलची धोतरे, नऊवारी लुगडी आणि हमालांचे सदरे चढवले. उभे राहण्याची ढब मात्र चौकट-चौकट पुढे सरकवून शोधावी लागली. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल ज्या क्षणी सगळा भार एका पायावर टाकतो तो क्षण सेकंदाच्या काही भागापुरताच असतो, आणि नेमकी तीच चौकट मॉडेलमध्ये जिवंत दिसते. पोझ देऊन काढलेल्या छायाचित्रात माणूस दोन्ही पायांवर उभा असतो.

इथेही दृश्य कसे टिपले आहे याला महत्त्व आहे. धंदेवाईक चित्रपटांतल्या फलाटावर एक्स्ट्रा कलाकार सारख्या अंतरावर पेरलेले असतात, त्यांचे कपडे इस्त्रीचे असतात आणि हातातल्या बॅगा रिकाम्या असल्याचे त्यांच्या खांद्यांवरून कळते. खरी गर्दी अशी पसरत नाही. ती दारांशी साकळते, दोन दारांमध्ये फलाट बराचसा मोकळा राहतो, आणि खिडक्यांशी दोघे-तिघे गजांना हात लावून, मान वर करून बोलत असतात. माझी पहिली मांडणी कागदावर छान दिसत होती, पण त्या चौकटींपुढे ती लग्नातल्या सामूहिक फोटोसारखी वाटली. मग फलाटाचा मधला भाग रिकामा केला आणि बरीचशी माणसे एका दाराशी दाटीने बसवली. आतले प्रवासी पाय वर घेऊन बसलेले आहेत, त्यामुळे बाकाखालची जागा ट्रंका आणि वळकट्यांनी भरता आली.

छप्पर अजून सुटेच ठेवले आहे. चित्रपट माणसाच्या नजरेच्या उंचीवरून टिपले जातात, आणि डब्याचे छप्पर दिसायचे तर कॅमेरा पादचारी पुलावर चढलेला हवा. अशा चौकटी हाती आल्या त्या उपनगरी गाड्यांच्या, ज्यांच्या छपरावरचा सरंजाम वेगळा असतो. व्हेंटिलेटरच्या ओळी आराखड्यावरून बसवल्या आहेत. त्यांच्याभोवती काजळी कशी साचते, हे दाखवणारे पुलावरचे दृश्य मिळाले तर तसे, नाही तर टोकाच्या भिंतीवर वापरलेला काळाच पातळ करून छपराला देणार आहे.