आवडता पदार्थ : पुरणपोळी

"पुरणपोळी? तुला? अगं, तू तर कटाच्या आमटीसाठी जेवायला बसतेस. पोळी हळूच बाबांच्या पानात सरकवतेस!"

आई मागून मोबाइलमध्ये डोकावत होती. एका लिहिणाऱ्या मैत्रिणीने माझ्याबद्दलचे दहा प्रश्न पाठवलेत. मी आपली पटापट उत्तरं ठोकली होती.

पुढचं मग मीच खोडलं. आवडती जागा : मरीन ड्राइव्ह. शेवटची कधी गेले तिथे? गावचे पाहुणे आले होते तेव्हा.

खरं म्हणजे, माहीम सुटलं की गाडी मिठी नदीवरून जाते ना, तो वास. डब्यातल्या बायका ओढणी नाकाला लावतात, मी पर्स आवरते. वांद्रं आलं, घर आलं. आता हे उत्तर म्हणून कसं लिहायचं?

आवडता रंग निळा, तो तसाच ठेवलाय. आईला अजून दाखवला नाही.