गिरगावातल्या भाडेपावतीचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं वाढत होती, खोल्या वाढत नव्हत्या. अशा वेळी सरकारने भाड्याला लगाम घालणं रास्तच होतं. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्यासाठी, म्हणजे मालकाला घेता येईल अशा कमाल भाड्यासाठी, 1 सप्टेंबर 1940 ही तारीख धरली. पुढे महागाई चढत गेली, कायद्याला मुदतवाढ मिळत राहिली आणि भाडं 1940च्या पायरीवरच बसून राहिलं. घोळ झाला तो या मुदतवाढींमुळे.

दाबलेला भाव पागडीच्या वाटेने बाहेर आला. खोली सोडणारा भाडेकरू नव्याकडून एकरकमी पैसे घेतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला जातो आणि मालक पावती नव्याच्या नावावर करतो. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम 56ने या व्यवहाराला मान्यता दिली. त्याआधी सगळं गुपचूप चालायचं. आजही फसगत होते ती पावतीपाशीच. पैसे मोजले, ताबा घेतला, पण मालकाची लेखी संमती नाही आणि पावती जुन्याच नावाची, तर खोलीवरचा हक्क सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

आता दुरुस्तीचं गणित मांडून बघा. भाडं महिना 100 रुपये. मालक दुरुस्ती करत नसेल, तर याच कायद्याच्या कलम 14 प्रमाणे नोटीस द्यायची, 15 दिवस थांबायचं, मग स्वतः काम करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे वर्षाला 300 रुपये! त्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही निघत नाही. चाळीतले 20 भाडेकरू एकत्र आले तरी 6,000. मोरी-संडासाच्या गळतीने कुजलेली लाकडी तुळई तेवढ्यात बदलत नाही, आणि वर्षाला 24,000 रुपये भाडं मिळवणारा मालकही ती बदलत नाही. शेवटी सरकारलाच 1969 साली कायदा करून दुरुस्ती मंडळ आणि त्याच्या खर्चासाठी उपकर, म्हणजे जादा कर, आणावा लागला. एका नियंत्रणाने पाडलेलं भगदाड बुजवायला दुसरं नियंत्रण आलं.

गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली सांगितलं. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या 1999च्या त्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण ती त्याच गोठलेल्या पायावर. चक्रवाढीने मोजलं तरी 100चे 25 वर्षांनी 267 होतात. टक्का वाढवत बसण्याआधी पायाच दुरुस्त करायला हवा होता.

एक गोष्ट मात्र या कायद्याने नेमकी केली: बँका आणि 1 कोटी किंवा जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले पैसे) असलेल्या कंपन्यांचं भाडे नियंत्रणाचं संरक्षण काढून घेतलं. हीच चाळणी पुढे काळबादेवीच्या पेढ्यांना लावावी, कारण तिथला भाडेकरू माल बाजारभावाने विकतो. त्यांचं भाडं 5 वर्षांत टप्प्याटप्प्याने बाजारभावाला आणता येईल.

राहत्या खोल्यांचं तसं करून चालणार नाही. तिथे पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसं आहेत आणि त्यांना खोलीतून हलवणं अन्यायच होईल. त्यांच्या भाड्यातला फरक सरकारने तिजोरीतून थेट मालकाला द्यावा आणि दरवर्षी अर्थसंकल्पात त्याची वेगळी ओळ दाखवावी. आज तोच खर्च न मोजता कुजणाऱ्या तुळयांवर टाकला जातो आहे.