टेकडीपलीकडे काय आहे ते देव जाणे

युद्धाचा गेम खेळतो म्हटलं की लोकांना वाटतं धडाधड गोळ्या सुटतायत, इमारती उडतायत, हेडफोन लावलेला माणूस स्क्रीनसमोर किंचाळतोय वगैरे. आमच्या स्क्रीनवर डोकावलं तर दिसतं एक शेत, एक दगडी कुंपण, चार झाडं, आणि मी त्या कुंपणाला झूम करून बघत बसलोय. थोड्या वेळाने परत डोकावलं तरी तेच शेत. हँग झालं का म्हणून विचारतात. नाही हो, जमीन वाचतोय! टॅक्टिकल गेममधला निम्मा वेळ असाच जातो, म्हणजे या चढामागे कोण लपू शकेल, त्या वळणावरून रस्ता किती लांबवर दिसेल, रणगाडा उताराच्या आडोशाला उभा केला तर फक्त टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, वर राहील की अख्खं धूड शत्रूला दर्शन देईल, असल्या गोष्टी. कॅमेरा पार गवताच्या उंचीवर आणून बघावं लागतं, कारण वरून सपाट दिसणारं शेत खाली आलं की सपाट नसतं आणि त्या कमरेएवढ्या खळग्यात एक अख्खी तुकडी मावते.

रिअलिस्टिक म्हणजे काय यावर या छंदातले लोक तासन्‌तास भांडू शकतात आणि बहुतेक वेळा भांडण चिलखताच्या मिलिमीटरवर येऊन थांबतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्याच्या पुढच्या बाजूला साधारण 100 मिमी पोलाद, 88 मिमीची तोफ, वजन 57 टनांच्या आसपास, मग अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या 75 मिमी तोफेने समोरून त्याचं काही बिघडेल का, बिघडेल तर किती अंतरावरून, कुठल्या कोनात. मलाही हे आवडतं, नाही असं नाही. पण खरेपणा तिथे नाही असं माझं ठाम मत आहे. आपल्याला दिसत काही नाही आणि आपलं कुणी ऐकत नाही, या दोन गोष्टी गेमने नीट जमवल्या की माझ्या मते निम्मं काम झालं, मग टायगरचं पोलाद दहा मिमीने चुकलं तरी मी माफ करतो.

दिसत नाही म्हणजे काय ते कॉम्बॅट मिशन खेळलेल्यांना लगेच कळेल. या मालिकेतला पहिला गेम 2000 साली आला. मालिकेची गंमत अशी की दोन्ही बाजू आपापल्या ऑर्डरी देऊन ठेवतात आणि मग साठ सेकंद दोघांच्याही एकदम घडतात. त्या मिनिटात माउस आपटा नाहीतर देवाचा धावा करा, तुमच्या हातात काही नाही, फक्त बघायचं. मागे नेऊन दुसऱ्या बाजूने परत बघता येतं, आणि आपण बघतोच. परवा असंच एक मिनिट मी किती अँगलने बघितलं असेल कोण जाणे. एक तुकडी कुंपणाच्या फटीतून पलीकडच्या घराकडे पळायला निघाली, पहिले दोघं पोचले, तिसऱ्याच्या पायाशी धूळ उडाली, तो आडवा पडला, लागलं म्हणून नाही तर घाबरून, आणि मागचे सगळे जागच्या जागी जमिनीला चिकटले. गोळ्या आल्या कुठून? झाडीच्या कडेला फक्त एक धूसर प्रश्नचिन्ह उमटलं. म्हणजे तिथे काहीतरी आहे, आवाज आला, पण मशिनगन आहे का एकटा रायफलवाला का आणखी काही ते माहीत नाही. शिवाय ते प्रश्नचिन्हही सगळ्यांना दिसत नाही, पडलेल्या तुकडीला माहितीय, पन्नास पावलांवर उभ्या रणगाड्याला पत्ता नाही, आणि त्याला ते कळायला कुणीतरी सांगावं लागतं, सांगायला वायरलेस लागतो, वायरलेसवाला मागच्या खड्ड्यात.

आणि ऐकत नाही याचा उस्ताद म्हणजे क्लोज कॉम्बॅट. 1996 चा गेम आहे, आज ग्राफिक्स बघून हसाल. पण त्यात प्रत्येक सैनिकाला नाव होतं, त्याची दमछाक, त्याची भीती, सगळं खाली लिहून यायचं आणि त्याची हिंमत खचली की तुम्ही कितीही क्लिक करा, गडी हलणार नाही. बाकीच्या गेममध्ये सैनिक म्हणजे सोंगटी, उचलली की चालली. इथे मशिनगनच्या समोरून मैदान ओलांडायला सांगितलं की तो शहाण्यासारखा नाही म्हणतो, आणि आपल्याला आधी राग येतो आणि मग वाटतं बरोबरच आहे की त्याचं.

यातलं काहीही कॉम्प्युटरने आणलेलं नाही हे मला फार उशिरा कळलं. प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या, सैन्यातला राइसवित्झ नावाचा तरुण अधिकारी, त्याच्या वडलांनी आधी टेबलावरचा एक युद्धखेळ तयार केला होता, त्यात सुधारणा करून याने 1824 मध्ये तो सैन्याच्या वरिष्ठांपुढे मांडला. 1:8000 चा नकाशा, एक चाल म्हणजे दोन मिनिटं, फासे, आणि मधे एक पंच. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे आणि समोरच्याच्या तुकड्या नजरेच्या टप्प्यात आल्या तरच त्यांच्या सोंगट्या नकाशावर मांडायच्या. म्हणजे आमचं ते प्रश्नचिन्ह तेव्हापासूनचं आहे, फक्त पंचाच्या जागी प्रोसेसर आला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लिव्हरपूलला तर जमिनीवर लिनोलियम पसरून, खडूने रेघा ओढून अटलांटिक महासागर मांडला होता. गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा क्षयामुळे नौदलातून निवृत्त झालेला अधिकारी, आणि त्याच्या हाताखाली नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली. 1942 पासून ते जर्मन पाणबुड्यांविरुद्धचे डाव तिथे खेळून बघायचे. जहाजांचे कॅप्टन शिकायला यायचे, त्यांना पडद्याआड उभं करायचं आणि फटीतून जेवढं दिसेल तेवढंच बघू द्यायचं, खऱ्या समुद्रावर दिसतं तेवढंच. असं सांगतात की खुद्द ॲडमिरल मॅक्स हॉर्टन, जो पहिल्या महायुद्धात स्वतः पाणबुडी चालवायचा, तिथे पाणबुडी घेऊन खेळला आणि जॅनेट ओकेल नावाच्या मुलीकडून परत परत हरला.

आता उलटी गोष्ट. मे 1942, यामातो युद्धनौका, जपानी नौदल पॅसिफिकमधल्या मिडवे या अमेरिकन बेटावरच्या मोहिमेचा डाव टेबलावर खेळून बघतंय. फासे पडतात, अमेरिकन बाँबचे नऊ फटके बसतात आणि आकागी आणि कागा या दोन विमानवाहू नौका बुडतात. पंच असलेले ॲडमिरल उगाकी म्हणतात, छे, नऊ नाही, तीन धरा. आकागी वाचली. बुडालेली कागाही पुढच्या डावात परत तरंगायला लागली. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो, कारण हे तर हरल्यावर आधीची सेव्ह फाईल लोड करून परत खेळणं झालं! जूनमध्ये त्या दोन आणि वर आणखी दोन, अशा चार विमानवाहू खऱ्याखुऱ्या बुडाल्या. उगाकींच्या बाजूने एवढं बोललं पाहिजे की टेबलावरचा तो हल्ला बेटावरून उडालेल्या विमानांचा होता आणि प्रत्यक्षातही बेटावरच्या विमानांचा एकही बाँब त्या नौकांना लागला नाही, बुडवलं ते अमेरिकन नौकांवरच्या डाइव्ह बॉम्बर्सनी, म्हणजे सूर मारून बाँब टाकणाऱ्या विमानांनी. म्हणजे पंचाचा निकाल एका अर्थी बरोबरच होता, आणि तरी कागा गेली ती गेलीच. त्या गेममध्ये सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच होता, अमेरिकन नौका नेमक्या आहेत कुठे.

लोड बटण हाताशी असताना कुठलाच गेम रिअलिस्टिक नसतो, मिलिमीटर कितीही अचूक असोत. आणि काही गोष्टी तर गेममध्ये येऊच शकत नाहीत, वास नाही, थंडी नाही, तीन रात्रींचं जागरण नाही. कॉम्बॅट मिशनच्या नंतरच्या गेम्समध्ये जखमी साथीदाराजवळ एखादा सैनिक गुडघ्यावर बसतो, काहीतरी करत राहतो, मिनिटभर तरी जातं, मग उठतो आणि त्याची बंदूक किंवा गोळ्या घेऊन पुढे जातो. तिथे मी दरवेळी कॅमेरा थांबवतो. शेवटी स्क्रीनवर मेलेले, जखमी, बेपत्ता यांचे आकडे आणि वर ठळक अक्षरात टॅक्टिकल व्हिक्टरी वगैरे येतं, आणि आपण खूष होऊन पुढचा नकाशा उघडतो, हेही तितकंच खरं. त्यामुळे युद्ध काय असतं ते मला गेममुळे कळलं असं म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो.

लोड बटणावर एकच उतारा सापडलाय, समोर माणूस घेणं. कॉम्प्युटर शत्रू म्हणून तसाही यथातथाच असतो, एकदा हल्ला फसला की परत त्याच रस्त्याने मरायला येतो. माणूस तसा येत नाही, आणि त्याच्याशी खेळताना जुनी फाईल लोड करून डाव फिरवताही येत नाही. ईमेलने खेळायचं, मी माझ्या मिनिटाच्या ऑर्डरी देऊन फाईल पाठवतो, तो त्याच्या देतो, दोघं तेच मिनिट आपापल्या बाजूने बघतो. चाळीस मिनिटांची लढाई अशी महिनोन्‌महिने चालू शकते. सध्याचा माझा शत्रू अगदी सज्जन माणूस आहे, फाईलबरोबर कधी हवापाण्याची चौकशी, कधी माझ्या रणगाड्याबद्दल दुखवटा. या आठवड्यात मात्र त्याची फाईलच आलेली नाही. आता ऑफिसात काम वाढलंय, आजारी पडलाय, का त्या झाडीच्या मागे काहीतरी शिजवत बसलाय, काही कळायला मार्ग नाही, आणि विचारावं तर मी घाबरलोय हे त्याला कळणार.