एकाच दिवसात दोनदा नॅनो

सकाळी म्हापशाला गाडी धुवायला नेली. तिथला पोरगा म्हणाला, "ताई, नॅनो कोटिंग करून घ्या, पावसाचं टेन्शनच नाही." बोनेटच्या अर्ध्या भागावर कसलासा द्राव पुसून त्याने मगभर पाणी ओतलं. टपोरे थेंब घरंगळत खाली! म्हटलं, अरे, हे तर अळवावरचं पाणी. आमच्या परसातलं तेरं, म्हणजे रानअळू, दर पावसाळ्यात हेच फुकट करतं. पानावर बारीक उंचवटे, त्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे कण. थेंब टोकांवर तोलून राहतो, खाली हवा. दर मात्र १८ हजार. हसून निघाले.

दुपारी मावशीला घेऊन बांबोळीच्या इस्पितळात. या वेळी तिचं केमोचं औषध बदललंय. पॅक्लिटॅक्सेल तेच, पण अल्ब्युमिन प्रथिनात बांधलेलं, कण साधारण १३० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून जुन्या औषधात एरंडेलापासून केलेलं द्रावक घालतात. मावशीला त्याचीच ॲलर्जी. मागच्या खेपेला अंगभर गांधी उठल्या होत्या. नव्यात ते द्रावकच नाही. हे औषध २००५ पासून अमेरिकेत मान्य आहे, म्हणजे तसं नवंही नाही. किंमत मात्र बिलात दिसतेच.

पूर्वी तीन तास चालणारी सलाइन आज अर्ध्या तासात संपली. मावशी उठून बसली आणि म्हणाली, "एवढ्यात झालं? मग वाटेत मासळी बघूया गो."

बांगडे मिळाले. पावसात भिजतच घरी आलो, कोटिंगशिवाय.